वृत्तचितीवरील खाच : गुंडाळलेला कागद, चालते हत्यार आणि संगणकीय प्रतिमान

प्रस्तावना

वृत्तचितीच्या, म्हणजेच दंडगोलाच्या, वक्र अंगावर कोरलेली खाच ही यंत्रशास्त्रातील अतिशय जुनी व सामान्य गोष्ट आहे. भोक पाडण्याच्या ड्रिलवरील पेचदार पन्हळी, सूतगिरणीतील कोन वाइंडिंग यंत्राच्या ड्रमवरील धाग्याला डावी-उजवीकडे नेणारी खाच, पॅकिंग यंत्रातील बॅरल कॅम ही तिची परिचित उदाहरणे होत. कारखान्याबाहेरील वाचकास ही केवळ कारागिरीची बाब वाटण्याचा संभव आहे. परंतु अशी खाच 'काढायची' कशी, म्हणजे प्रत्यक्ष कापण्यापूर्वी तिची कल्पना कोणत्या रूपात करावयाची, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. त्यात भूमितीचे पंडित आहेत तसे लेथवर काम करणारे कारागीरही आहेत, आणि या दोघांच्या विचारपद्धती मुळात वेगळ्या आहेत.

पहिली पद्धत कागदाची होय. खाचेची आकृती सपाट कागदावर काढावी, तो कागद वृत्तचितीभोवती गुंडाळावा आणि उमटलेल्या रेषांच्या आत धातू कोरावा. दुसरी पद्धत हत्याराची होय. येथे आकृती आधी नसतेच. कापणारे हत्यार आणि फिरणारी वृत्तचिती यांची परस्परसापेक्ष गती ठरवायची. हत्यार गेले ती वाट म्हणजे खाच. दोन्ही पद्धतींनी मिळणारी खाच वरून पाहता सारखीच दिसते, आत मात्र ती सारखी नसते. संगणकसाहाय्यित आरेखनाने, म्हणजे कॅडने, यांपैकी कागदाची पद्धत आपलीशी केली. वस्तुतः संगणकात हत्याराचा प्रवेश कागदाच्या आधी झाला होता. हा उलटा क्रम कसा घडला आणि त्याची किंमत कोठे मोजावी लागली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

गुंडाळलेली आकृती

अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात यंत्रशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ आज कुस्ता इब्न लुका याच्या अरबी भाषांतरातूनच पूर्णपणे उपलब्ध आहे. त्यात मळसूत्राचे वर्णन गुंडाळलेली पाचर असे केलेले आढळते. काटकोन त्रिकोणाचा कागद पेन्सिलीभोवती गुंडाळला की त्याच्या कर्णाची पेचदार रेषा होते. हेरॉनची कल्पना हीच आहे. चौथ्या शतकातील पॅपसने याच कल्पनेला कारागिरीचे रूप दिले. पातळ पत्र्याचा त्रिकोणी साचा कापून तो दांड्याभोवती गुंडाळावा व त्याच्या कडेने रेषा आखावी, अशी त्याची कृती आहे. मराठीतील 'मळसूत्र' या शब्दातही 'सूत्र' आहे, हे येथे सहज नोंदवावेसे वाटते. दोरा गुंडाळण्याची कल्पना या शब्दातच बसलेली आहे.

या कृतीमागील गणित मात्र फार उशिरा स्पष्ट झाले. कोणते पृष्ठ न ताणता, न फाडता सपाट उलगडता येते, हा प्रश्न ऑयलरने १७७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हाताळला. पुढे गाऊसने १८२७ मध्ये वक्रपृष्ठांवरील आपल्या प्रबंधात दाखवून दिले की पृष्ठाची एक विशिष्ट वक्रता, जी आज गाऊसच्या नावाने ओळखली जाते, ती वाकविण्याने बदलत नाही. वृत्तचितीची ही वक्रता सपाट कागदाप्रमाणेच शून्य असते. गोलाची तशी नसते. म्हणून वृत्तचितीवर कागद सुरकुती न पडता बसतो आणि चेंडूवर बसत नाही. आकृती गुंडाळण्याच्या पद्धतीला वृत्तचितीवर जे स्थान मिळाले, त्याचे मूळ या भाग्ययोगात आहे.

ही पद्धत अभियंत्यांच्या शिक्षणात रुजविण्याचे श्रेय गास्पार मोंज याला द्यावे लागेल. मेझिएरच्या लष्करी विद्यालयात त्याने विकसित केलेली वर्णनात्मक भूमिती प्रारंभी लष्करी गुपित म्हणून राखली गेली. १७९५ मध्ये पॅरिसमधील व्याख्यानांतून ती खुली झाली आणि १७९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दोन वृत्तचिती एकमेकींत घुसल्या असता त्यांच्या छेदाची रेषा कशी काढावी व पृष्ठाचे उलगडलेले रूप कसे मांडावे, हे प्रश्न या परंपरेतून जगभरच्या अभ्यासक्रमांत गेले. आणंद येथून प्रसिद्ध होणाऱ्या एन. डी. भट यांच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पाठ्यपुस्तकावर महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या वाढल्या. त्यातील छेद व उलगड यांची प्रकरणे मोंजचाच वारसा सांगतात. पत्र्याचे काम करणाऱ्यास ही विद्या पुरेशी आहे, कारण पत्र्याची जाडी त्याच्या दृष्टीने जवळजवळ शून्य असते.

खाचेची गोष्ट वेगळी आहे. खाच म्हणजे पृष्ठ नव्हे. तिला खोली असते. उलगडलेला कागद एकाच त्रिज्येवर खरा असतो. आत जावे तसा परीघ कमी होतो आणि कागदावरील मापे आखडत जातात. एक साधे उदाहरण घेऊ. वृत्तचितीची त्रिज्या ५० मिमी, खाचेची रुंदी १२ मिमी व खोली १० मिमी आहे. खाच अक्षाला समांतर असून तिच्या भिंती अक्षाकडे रोखलेल्या, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, ठेवल्या तर तळाशी त्रिज्या ४० मिमी उरते. वर १२ मिमी असलेली रुंदी तेथे ९.६ मिमी होते. वरच्या तोंडातून आत जाणारी १२ मिमी व्यासाची रोलर तळापर्यंत पोहोचणारच नाही. याउलट खाच वृत्तचितीभोवती सरळ कड्याप्रमाणे फिरत असेल, तर दोन्ही भिंती सपाट व समांतर राहतात आणि गुंडाळण्याची पद्धत बिनचूक ठरते. पेचदार खाच या दोन टोकांच्या मध्ये असते. पृष्ठावर ती अक्षाशी ४५ अंशांचा कोन करीत असेल, तर वरील मापांनुसार तळाची रुंदी सुमारे १०.६ मिमी येते. गुंडाळलेल्या कागदाची चूक ही अशी दिशेवर अवलंबून असते आणि त्यामुळेच ती सहजासहजी ध्यानात येत नाही.

हत्याराची वाट

हेरॉनच्या ग्रंथाचा एक विशेष असा की दुसऱ्या पद्धतीचे बीजही तेथेच सापडते. नटाच्या आत आटे पाडण्याच्या साधनाचे त्याने वर्णन केले आहे. त्यात आधीच तयार केलेले लाकडी मळसूत्र फिरवले जाते; त्याच्या खाचेत बसलेल्या खुंट्या त्याला ठरावीक प्रमाणात पुढे ढकलतात आणि टोकाचे पाते भोकाच्या आत आटे कापीत जाते. येथे नटावर कोणतीही आकृती आखलेली नाही. भोकाच्या आत ती आखणे शक्यही नव्हते. अठराव्या शतकातील अमेरिकन बंदूक-कारागिरांचे नळीच्या आत पेचदार चर पाडण्याचे बाक याच तत्त्वावर चालत असे. पेचदार खाचा असलेले मोठे लाकडी नियंत्रक दंड ओढले की टोकाचा छोटा कटर नळीत तोच पेच उमटवीत असे.

हेन्री मॉडस्ले याचा स्क्रू कापण्याचा लेथ अठराव्या शतकाच्या अगदी अखेरच्या वर्षांतला. लीड स्क्रू, बदलता येणारी दातेरी चाके व सरकती हत्यारधारक बैठक यांचा संयोग हे त्याचे वैशिष्ट्य सर्वश्रुत आहे. परंतु लेथसाठी लागणारे पहिले अचूक मळसूत्र मॉडस्लेने कसे मिळविले, ही गोष्ट अधिक उद्बोधक आहे. मऊ पदार्थाच्या फिरत्या दंडावर त्याने ठरावीक तिरक्या कोनात धारदार पाते टेकविले. पात्याची तिरकी धार दंडात रुतली आणि दंडाच्या फिरण्यानेच पाते पुढे सरकत गेले. कोणताही त्रिकोण न गुंडाळता पेच आपोआप निर्माण झाला. पॅपसचा पत्र्याचा साचा आणि मॉडस्लेचे तिरके पाते यांचे गणित एकच आहे. फरक एवढाच की साच्यात तो कोन आखून घ्यावा लागतो, पात्यात तो आधीच बसविलेला असतो. यंत्रांच्या इतिहासात हा फरक लहान नाही.

वृत्तचितीवरील खाचेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना मात्र १८६२ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स या शहरात घडली. यादवी युद्ध सुरू होते आणि तेथील प्रॉव्हिडन्स टूल कंपनीकडे लष्करासाठी बंदुका तयार करण्याचे काम होते. बंदुकीवर जेथे टोपी बसते त्या निपलमध्ये बारीक भोक पाडावे लागे व त्यासाठी पेचदार ड्रिल वापरले जाई. या ड्रिलच्या पन्हळी कामगार गोल कानशीने, हाताने, घासून काढीत. काम संथ, खर्चिक आणि प्रत्येक नग वेगळा. कंपनीचे अधीक्षक फ्रेडरिक हो यांनी हा प्रश्न ब्राउन अँड शार्प या पेढीच्या जोसेफ आर. ब्राउन यांच्यासमोर ठेवला. ब्राउन यांनी केवळ ड्रिलसाठी यंत्र केले नाही; त्यांनी युनिव्हर्सल मिलिंग मशीन तयार केले. त्याचे टेबल तिरके वळविता येत होते. टेबलाच्या स्क्रूपासून निघालेली दातेरी चाकांची माळ कामाचा दांडा फिरवीत होती. टेबल पुढे सरकले की दांडा ठरलेल्या प्रमाणात फिरे आणि स्थिर जागी फिरणाऱ्या कटरखाली पेचदार पन्हळ तयार होई. पहिले यंत्र १४ मार्च १८६२ रोजी प्रॉव्हिडन्स टूल कंपनीलाच विकले गेले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ते जगासमोर आले.

आजही तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत हेलिकल मिलिंगचा प्रयोग करणारा विद्यार्थी ब्राउन यांचीच चाकांची माळ जोडत असतो. डिव्हायडिंग हेडचे प्रमाण ४० असेल व टेबलाच्या स्क्रूचा पिच ६ मिमी असेल, तर यंत्राची लीड २४० मिमी होते. ही लीड व कामाला हवी असलेली लीड यांच्या गुणोत्तराची चाके निवडली की उरलेले काम यंत्र करते. या सर्व हिशेबात खाचेच्या भिंतीचा आकार कोठेही येत नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. भिंत कशी असावी हे कोणी ठरवीत नाही. फिरता कटर धातूतून जाताना जे मागे ठेवतो ती भिंत. बॅरल कॅमची खाच एंड मिलने कापताना कारागीर एक साधा दंडक पाळत आले आहेत. रोलरचा जो व्यास, तोच शेवटच्या फेरीच्या कटरचा व्यास असावा, आणि कटरचे केंद्र रोलरच्या केंद्राच्या वाटेने जावे. मग भिंतीची भूमिती कितीही गुंतागुंतीची असो, ती रोलरला बसतेच, कारण कटरने रोलरचीच चाल आधी चालून दाखविलेली असते. हे ज्ञान आरेखनाच्या कागदावर 'कटर व्यास १२' अशा एका ओळीच्या टिपेत सामावत असे.

संगणकातील क्रमव्यत्यय

संगणकीय आरेखनाचा इतिहास बहुतेक ठिकाणी १९६३ पासून, म्हणजे आयव्हन सदरलँड यांच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील स्केचपॅड या प्रबंधापासून, सांगितला जातो. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढणारा तरुण संशोधक हे चित्र आकर्षक आहे यात शंका नाही. परंतु त्यामुळे एक गोष्ट झाकली गेली. त्याच संस्थेत १९५२ मध्ये संख्यानियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले होते आणि डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली एपीटी ही भाषा फेब्रुवारी १९५९ मध्ये पत्रकारांसमोर मांडली गेली होती. त्या प्रसंगी या भाषेच्या साहाय्याने कापलेले ॲल्युमिनियमचे ॲश-ट्रे वाटण्यात आले होते. एपीटी हे नावच आपोआप प्रोग्राम होणाऱ्या हत्यारांचे होते. तिच्यात कटरचा आकार सांगावा लागे. तो कोणत्या पृष्ठावर टेकून, कोणत्या पृष्ठाच्या कडेने आणि कोठपर्यंत जाईल हे सांगावे लागे. थोडक्यात, संगणकाला वस्तू 'दिसू' लागण्यापूर्वी हत्यार 'चालविता' येत होते. स्केचपॅडच्या आधी ब्राउन यांचा वारसा संगणकात पोहोचला होता, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

१९७० च्या दशकात घन वस्तूंचे प्रतिमान करण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. केंब्रिजमध्ये इयन ब्रेड यांनी वस्तू तिच्या सीमापृष्ठांच्या रूपाने साठविण्याची बिल्ड ही प्रणाली रचली. रॉचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होएलकर व अरिस्टिडीस रेक्विशा यांच्या गटाने पीएडीएल ही प्रणाली उभारली. तिच्यात साध्या घनांची बेरीज-वजाबाकी करून वस्तू घडविली जाई. व्होएलकर यांच्या गटाचे मूळ उद्दिष्ट उत्पादनाचे स्वयंचलन हेच होते. कटरने व्यापलेली जागा धातूच्या ठोकळ्यातून वजा केली की उरते ती वस्तू, ही त्यांची धारणा कारागिराच्या विचाराशी नाते सांगणारी होती. परंतु त्या काळच्या संगणकाची कुवत तोकडी होती. पीएडीएलच्या पहिल्या आवृत्तीत अक्षांना समांतर ठेवलेले ठोकळे व वृत्तचिती एवढेच घन होते. ठोकळा वजा करून सरळ खाच मिळे. पेचदार खाचेचा प्रश्नच नव्हता.

दोन वृत्तचितींचा छेद हीदेखील सोपी बाब नव्हती. सर्वसाधारण स्थितीत ती अवकाशातील चौथ्या घाताची वक्ररेषा असते. मोंजचा विद्यार्थी ती बिंदू-बिंदूने काढून हाताने जोडीत असे. संगणकाला ती समीकरणाने हवी होती. द्विघाती पृष्ठांच्या छेदाची पद्धत जोशुआ लेव्हिन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. केंब्रिजच्या परंपरेतून १९७८ मध्ये रोम्युलस, नंतर पॅरासॉलिड आणि १९८९ मध्ये एसीआयएस ही घनप्रतिमानाची गाभाप्रणाली बाहेर आली. पुढील अनेक व्यापारी कॅड प्रणाली यांवरच उभ्या राहिल्या. या गाभ्यांमध्ये प्रश्न असे तो सीमापृष्ठांचा. हत्यार कोठेच नव्हते.

सॅम्युएल गाइसबर्ग यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे प्रो-इंजिनिअर आणि १९९५ मध्ये आलेले सॉलिडवर्क्स यांनी कॅडला सामान्य अभियंत्याच्या टेबलावर आणले. या प्रणालींची मांडणी अशी होती की आधी एका प्रतलावर 'स्केच' काढायचे आणि मग त्याला उंची, खोली किंवा फिरत द्यायची. ड्रॉइंग बोर्डवर वाढलेल्या पिढीला हे लगेच उमगले, आणि प्रसाराचे ते एक प्रमुख कारण होय. पण त्याचबरोबर कागद संगणकात परत आला. वृत्तचितीवर खाच हवी असल्यास नवशिक्या रचनाकाराचा हात प्रथम एक्स्ट्रूड कटकडे जातो. स्पर्शप्रतलावर खाच काढायची आणि ती सरळ आत ढकलायची. अक्षाला समांतर अरुंद खाचेसाठी हे ठीक आहे. परंतु ५० मिमी त्रिज्येच्या वृत्तचितीवर मध्यापासून दोन्ही बाजूंस ६० अंश पसरणारी खाच असेल, तर पृष्ठावरील तिची लांबी सुमारे १०४.७ मिमी असते आणि स्पर्शप्रतलावरील तिची छाया केवळ ८६.६ मिमी. कागदावर १०४.७ काढले तर ते छायेहून लांब पडते. छायेइतके काढले तर टोकांच्या भिंती तिरप्या येतात.

यावर उपाय म्हणून रॅप ही आज्ञा आली. ती म्हणजे पॅपसचा पत्र्याचा साचाच. स्केच वृत्तचितीभोवती गुंडाळले जाते व त्याच्या आतील भाग दिलेल्या खोलीइतका खाली दाबला जातो. बाटलीवरील अक्षरे किंवा मुठीवरील नक्षी यांसाठी ही आज्ञा उत्तम होय. कॅमसाठी तिच्यात वर दाखविलेला दोष येतो. भिंती त्रिज्येच्या दिशेने गेल्यास १२ मिमीची खाच तळाशी १०.६ मिमी उरते. तिसरा मार्ग म्हणजे पेचदार रेषेवरून आयताकृती छेद सरकविणे, म्हणजे स्वीप कट. हा मार्ग अधिक सावध रचनाकाराचा आहे आणि त्याचा दोष अधिक सूक्ष्म आहे. पृष्ठावर पेचाचा कोन ४५ अंश असला, तरी ४० मिमी त्रिज्येवर तो सुमारे ५१.३ अंश होतो, कारण लीड तीच राहून परीघ कमी झालेला असतो. वरच्या पेचाला काटकोनात ठेवलेला आयत तळाच्या पेचाला काटकोनात राहत नाही. परिणामी तळाची खरी मोकळी रुंदी सुमारे ११.९३ मिमी भरते. सात शतांश मिलिमीटरचा हा फरक पडद्यावर कधीही दिसणार नाही. रोलर व खाच यांतील नेमक्या बसणीत मात्र तो कळून येतो.

एंड मिलच्या बाबतीत नेमके याच ठिकाणी काय घडते? कटर वर ४५ अंशांच्या दिशेने धातूला स्पर्श करतो तर तळाशी ५१ अंशांच्या. त्यामुळे कटरवरील स्पर्शरेषा सरळ न राहता सुमारे सहा अंशांनी वळते आणि भिंतीला हलका पीळ पडतो. ही पिळाची भिंत कोणत्याही सपाट आकृतीला गुंडाळून वा सरकवून मिळत नाही.

जोपर्यंत ड्रॉइंगचा कागद कार्यशाळेत जात होता तोपर्यंत या चुकांनी फारसे नुकसान केले नाही. चित्र थोडे चुकीचे असले तरी शेजारी टीप असे आणि ती वाचणारा कारागीर कटर योग्य निवडत असे. १४.४१ क्रमांकाचे अमेरिकन मानक २००३ मध्ये आले व त्या पाठोपाठ २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यांनी त्रिमितीय मॉडेललाच वस्तूच्या व्याख्येचा अधिकृत आधार मानण्याची वाट मोकळी केली. माप हवे तर मॉडेलला विचारावे. दुसरीकडे कॅम सॉफ्टवेअर मॉडेलची पृष्ठे वाचून यंत्राची चाल स्वतः ठरवू लागले होते. अशा स्थितीत मॉडेलमधील भिंत चुकीची असेल, तर यंत्र लहान कटर घेऊन, अनेक फेऱ्या मारून, तीच चुकीची भिंत अतिशय निष्ठेने कापते. तपासणीचे यंत्रही त्याच मॉडेलशी तुलना करून नग योग्य असल्याचा निर्वाळा देते. चूक उघडकीस येते ती जोडणीच्या टेबलावर, रोलर अडकल्यावर. आणि तेथे बसलेल्या माणसाच्या हाती सिद्ध करण्यासाठी अडकलेल्या रोलरखेरीज काही नसते. पूर्वी जो निर्णय कारागिराच्या अखत्यारीत होता तो अशा रीतीने नकळत रचनाकाराकडे गेला, आणि तो निर्णय आपल्याकडे आला आहे याची कल्पना रचनाकाराला असतेच असे नाही.

सरकत्या घनाचा प्रश्न

कॅडमध्ये हत्याराची वाट आणणे गणिताच्या दृष्टीने अवघड होते, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. सपाट आकृती सरकविल्यास तिची कड पृष्ठ निर्माण करते. घन सरकविल्यास त्याचा कोणता भाग कोणत्या क्षणी सीमा ठरेल हे आधी ठाऊक नसते. ज्या बिंदूंवर घनाच्या पृष्ठाची लंबदिशा व त्या बिंदूचा वेग परस्परांना काटकोनात असतात, तेवढेच बिंदू त्या क्षणी भिंत घडवितात. या बिंदूंची सर्व क्षणांतील मिळवणी म्हणजे आवरणपृष्ठ. डब्ल्यू. पी. वाँग व के. के. वाँग यांनी १९८६ मध्ये सरकत्या घनांच्या व्यापाचे प्रतिमान मांडले. १९९० च्या दशकात ब्लॅकमोर व ल्यू यांनी त्यास अवकल समीकरणांचे रूप दिले. मुख्य अडचण घन स्वतःच्याच वाटेला पुन्हा छेदतो तेव्हा येते. वाकडी वाट व रुंद हत्यार असेल तर आधी कापलेली भिंत पुढच्या क्षणी नाहीशी होते, आणि कोणता तुकडा ठेवायचा व कोणता टाकायचा याचा निवाडा करावा लागतो.

या प्रश्नावरील महत्त्वाचे काम मुंबईत झाले आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील भरत अडसूळ, जिनेश मच्छर व मिलिंद सोहोनी यांनी घनाच्या सरकण्यातून निर्माण होणाऱ्या पृष्ठाचे स्थानिक व सार्वत्रिक विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. सीमापृष्ठांच्या रूपात साठविलेला घन सरकविला असता त्याच्या व्यापाची सीमा त्याच रूपात कशी मिळवावी आणि आत्मछेद कसा ओळखून काढून टाकावा, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होय. कारखान्यात ज्याला कोणी प्रश्नही म्हणत नाही, ते कटरचे साधे चालणे गणिताच्या भाषेत आणण्यास एवढे परिश्रम पडावेत, ही गोष्ट अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे.

व्यापारी प्रणालींत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घन सरकवून कापण्याची सोय दिसू लागली. सॉलिडवर्क्समध्ये ती स्वीप कटच्याच आज्ञेत, छेदाऐवजी घन निवडण्याचा पर्याय म्हणून देण्यात आली. वृत्तचितीभोवतीच्या खाचा हाच तिचा प्रमुख उपयोग असल्याचे तिच्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. मात्र तिला मर्यादा आहेत. सरकविण्याचा घन बहिर्वक्र असावा लागतो. तो रेषा व कंस फिरवून केलेला किंवा वृत्तचिती असावा लागतो. वाटेत टोकदार वळण चालत नाही. एंड मिलचा कटर या अटींत बसतो. त्यामुळे १२ मिमी व्यासाची लहान वृत्तचिती काढून तिचा अक्ष मोठ्या वृत्तचितीच्या अक्षाकडे रोखावा व ती पेचदार रेषेवरून चालवावी, म्हणजे पिळाची खरी भिंत पडद्यावर मिळते.

ही आज्ञा सर्वत्र रूढ झाली आहे असे मात्र म्हणता येत नाही. तिला वेळ अधिक लागतो, फाइल जड होते आणि पुढे त्या भिंतींवर फिलेट देताना गाभाप्रणाली अनेकदा हात टेकते. शिवाय अभ्यासक्रमांत छेद व उलगड यांना जे प्रकरण मिळते ते आवरणपृष्ठांना मिळत नाही. कॅमचे अनुभवी रचनाकार म्हणूनच बहुधा जुनीच रीत पाळतात. मॉडेलमध्ये खाच केवळ ओळखीपुरती दाखवितात आणि यंत्रासाठी स्वतंत्र कोष्टक देतात. एका रकान्यात वृत्तचितीच्या फिरण्याचा कोन, दुसऱ्यात अक्षाच्या दिशेने रोलरच्या केंद्राचे स्थान, आणि खाली कटरचा व्यास. त्या कोष्टकात भिंत नसते.